लाडूची म्होरकी

सोलापूर

प्रिय वहिनी,

तुला जाऊन वर्ष होत आलं. एवढ्या दिवसांत तुला पत्र लिहावं असं कधी मनात आलं नाही. घरातल्या माणसाला कुणी पत्र लिहितं का? पण आज गल्लीतल्या मालूताई आल्या होत्या. त्यांच्या थोरल्यानं कुठूनसं कुत्रं आणलंय. वर्षाचंसुद्धा नसेल, पण अंगानं दांडगं. त्यानं मालूताईंना पार चौकापर्यंत फरफटत नेलं. दोन्ही तळहात सोललेले. ते मला दाखवून त्या म्हणाल्या, "नंदाबाई, तुमच्या वैनीनं लाडूच्या तोंडाला ते काय बांधलं होतं? तसलंच मला पायजे. कुटं मिळतंय?"

कुठं मिळतंय? कुठंच मिळत नाही, ते वहिनीनं घरी केलं होतं, असं मी म्हणाले आणि कसं केलं ते सांगायला गेले, तर माझा आवाजच बसला. मालूताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "असू दे, उद्या सांगा." त्या गेल्यावर मी वही ओढून घेतली. मालूताईंना सांगायच्या आधी तुलाच सांगावं असं वाटलं.

दादानं लाडूला आणलं तो दिवस आठवतो तुला? दुष्काळाचं वर्ष. दादा अडत दुकानासाठी ज्वारी, मिरची बघायला विजापूरकडे फिरायचा. एकदा परत आला तो मिरचीची रिकामी टोपली हातात घेऊन. टोपलीत हे पिल्लू, मिरचीच्या वासानं शिंकून शिंकून बेजार झालेलं. पोट एवढं गोल की पाय दिसत नव्हते. दादा म्हणाला, मुधोळकडचं शिकारी जातीचं आहे, सशामागं पळणारं. तू तोंडाला पदर लावून हसलीस. "हे पळणार? हे तर लाडू हाय." तेच नाव पडलं.

आपली अव्वा, माझी आई आणि तुझी सासू, चुलीपाशी बसून कुरकुरली होती. "माणसाला भाकरी पुरंना, आन् ह्याला काय घालायचं?" दादा म्हणाला, "माझ्यातली घाल."

आणि मग तो दादाच राहिला नाही. साधा ताप म्हणून झोपला, आणि आठवड्याच्या आत गेला. तुझं वय ते काय, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी तू. लोक भेटायला यायचे, ओसरीत बसायचे, उठून जायचे. लाडू उंबऱ्याला आडवा पडून राहायचा आणि येणारा-जाणारा त्याला ओलांडून जायचा.

घरात आपण तिघी राहिलो. मी सकाळच्या शाळेची मास्तरीण, अव्वा आणि तू. अप्पा गेले तेव्हा मी परकर-पोलक्यात होते. तेव्हापासून अव्वा लग्नकार्याला नाही, बाजाराला नाही. भाजी दारावर घ्यायची आणि दारातूनच आत जायची. तिनं तुला कधी "बाहेर जाऊ नको" म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती. तिच्या वाट्याला जे आलं होतं, तेच तिनं तुझ्यापुढे ठेवलं, दुसरं काही असतं हे तिला माहीतच नव्हतं. तू मान खाली घालून ते घेतलंस. मला वाटायचं, आता हिचं पण असंच जाणार.

पण लाडूला हे कोण सांगणार? तो वाढत सुटला. पोट गेलं, लांब लांब पाय आले, छाती खोल झाली, कंबर मुठीत मावेल अशी. अंगणात त्याला दोन ढांगा पुरायच्या नाहीत. रांजण फोडला, तुळशीची कुंडी पाडली, गिरणीचा भोंगा झाला की मान वर करून रडायचा. मी शाळेत जायच्या आधी त्याला घाईघाईनं एक चक्कर मारून आणायची, तर खांदा उखडायची पाळी यायची.

एका सकाळी मला उशीर झाला होता. लाडू दोर तोंडात धरून दारात उभा. तू भांडी घासत होतीस. हात धुतलेस, पदराला पुसलेस आणि म्हणालीस, "मी नेते."

अव्वानं चुलीजवळून वर बघितलं. तू तिच्याकडे न बघताच म्हणालीस, "कुत्र्याला भाईर न्यायलाच लागतंय की, अव्वा. आपलं सोडा."

तू गेलीस. मी शाळेला निघाले ती तुझ्या मागे मागेच, पण तू पुढे कुठे दिसलीच नाहीस, इतकं त्यानं तुला पळवत नेलं होतं. दुपारी मी घरी आले तेव्हा तुझं तोंड उन्हानं लाल झालेलं होतं. किती दिवसांनी तुझ्या तोंडाला ऊन लागलं होतं, वहिनी?

पुढचे दिवस काही सोपे नव्हते. लाडूची मान डोक्यापेक्षा जाड. साधा पट्टा बांधला की तो चार पावलं मागे सरायचा, मान खाली घालायचा आणि पट्टा कानावरून सटकायचा. मग तो तळ्याकडे सुसाट, आणि तू पदर खोचून मागे. पट्टा घट्ट केला की खोकायचा, डोळे लाल व्हायचे, पण ओढायचा थांबायचा नाही. "लाडू, निल्लू, निल्लू", म्हणजे थांब, थांब, असं तू कानडीतून ओरडायचीस. तुझं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे चिडलीस की तुला कानडीच यायची.

आणि मग तो सिद्धेश्वर तळ्याकाठचा दिवस. शेळ्यांचा कळप आडवा आला. दोर तू मनगटाला गुंडाळून घेतला होतास. लाडूनं झेप घेतली आणि तू दगडी पायरीवर पडलीस. कुणीतरी तुला टांग्यात घालून घरी आणलं. लाडू टांग्याच्या मागून शेपूट पोटाखाली घालून येत होता, असं टांगेवाला सांगत होता. मनगट मोडलं होतं. दवाखान्यातून हात प्लास्टरमध्ये घालून आलीस, आणि आल्या आल्या विचारलंस, "त्यानं खाल्लं का काही?"

मला तेव्हा राग आला होता, खरं सांगते. त्याच्यावर नाही, तुझ्यावर. स्वतःचा हात सोडून कुत्र्याचं काय विचारतेस?

तुझा हात मोडल्याचं कळल्यावर गावाकडून मल्लूकाका आले. अप्पांचे धाकटे भाऊ, अप्पा गेल्यापासून घरातलं सगळं त्यांना विचारून व्हायचं. त्यांनी येताना एक पट्टा आणला होता, आतल्या बाजूला लोखंडी काटे असलेला. ओसरीत बसून त्यांनी तो लाडूसमोर खुळखुळवला.

"हे घाल ह्याच्या गळ्यात. वढलं की टोचतंय. चार दिवसांत गप पडतंय."

तू विचारलंस, "आन् न्हाय पडलं तर?"

"तर मी शेतावर नेतो. साखळीला बांधला की गुमान राहतंय. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला येणारच हाय मी, तवा घिऊन जातो." मग अव्वाकडे वळून ते हळू आवाजात म्हणाले, "घरात कर्तं माणूस न्हाय. बाईमाणसानं रस्त्यानं कुत्रं घिऊन फिरायचं, हे बरं दिसत न्हाय." तुला ते ऐकू गेलं होतं. तू चहाचे कप उचलून आत गेलीस.

संध्याकाळी तू मला बोलावलंस. काट्यांचा तो पट्टा तू स्वतःच्या चांगल्या हाताला, कोपराखाली, गुंडाळला होतास. म्हणालीस, "वढ."

"वेड लागलंय का?"

"अगं वढ की. मला बघू दे."

मी हळूच ओढलं. तुझ्या हातावर लाल ठिपक्यांची रांग उठली. तू तो पट्टा सोडलास आणि खुंटीला अडकवून ठेवलास. "ह्यानं तो थांबंल. पण दुखतंय म्हणून थांबंल, कळलं म्हणून न्हाय," एवढंच म्हणालीस. दुसऱ्या दिवशी बाजारातून मी साखळीचा फासाचा पट्टा आणला, तोही तू असाच हातावर ओढून बघितलास आणि परत करायला लावलास. दुकानदार मला म्हणाला, कुत्र्यासाठी दोनच गोष्टी असतात, पट्टा आणि साखळी, तिसरं काय पाहिजे तुम्हाला?

तिसरं काय, ते तुला दारात बसल्या बसल्या सापडलं. प्लास्टरमधल्या हातानं काम होत नव्हतं म्हणून तू उंबऱ्याशी बसायचीस. एक म्हातारी बैल घेऊन चालली होती. बैलाच्या तोंडाभोवतीनं आणि कानामागनं बांधलेली दोरीची म्होरकी, आणि त्या म्होरकीचं टोक म्हातारीच्या दोन बोटांत. तू मला हाक मारलीस. "नंदा, बघ. त्याची मान धरली असती तर ती म्हातारी हवेत उडाली असती. तोंड वळवलं की धड आपोआप मागं येतंय." आणि मग स्वतःशीच म्हणालीस, "एका हातानं धरता आलं पायजे."

मी म्हणाले, बैलाची म्होरकी कुत्र्याला? लोक हसतील. तू म्हणालीस, हसू देत.

पहिली म्होरकी मी बैलाच्या सामानाच्या दुकानातून आणलेल्या दोरीची केली. ती काथ्याची, खरखरीत. एका दिवसात लाडूच्या नाकावरचे केस घासले आणि कातडी लाल झाली. मग तू मला टांगा अड्ड्यावर पाठवलंस, घोड्यांचा साज शिवणाऱ्या रहीमचाचांकडे. ते आधी खूप हसले. "घोड्याका छोटा करके देतूं बेटी, पन कुत्तेकू कोई बांधता क्या ऐसा?" त्यांनी चामड्याची छान म्होरकी शिवली, चकचकीत, बक्कल लावून. मला ती फार आवडली होती. पण ती जड होती. लाडू चालायला लागला की नाकावरची पट्टी वर सरकत थेट डोळ्यापाशी जायची, आणि बक्कल जबड्याच्या हाडावर आपटायचं. तू ती काढून ठेवलीस, फक्त हनुवटीखालची पितळी कडी तेवढी सोडवून घेतलीस.

तिसरी आपल्या मागच्या घरातल्या नरसम्मांच्या सुताची. त्यांच्याकडे माग होते. विणलेली सुती पट्टी त्यांनी दिली, बोटभर रुंद, धुतली की आणखी मऊ होणारी. तू ती एका हातानं शिवायला बसलीस, पट्टीचं टोक पायाच्या बोटात धरून. मी शिवते म्हटलं तर नको म्हणालीस. "तुझा टाका लई मोठा पडतोय."

आणि मग ते झालं, जे आठवलं की मला अजूनही हसू येतं. मी शाळेतून आले तर तू अंगणात, ती म्होरकी स्वतःच्या तोंडावर बांधून बसलेली. पट्टी नाकावरून, गाठ कानामागे, दोर हनुवटीखालून लोंबणारा. लाडू समोर बसून तुझ्याकडे मान वाकडी करून बघत होता.

"ये, धर. डावीकडं वळव," तू म्हणालीस.

मी दोर धरला. तुझं तोंड डावीकडे वळलं. उजवीकडे केलं, उजवीकडे वळलं. तेवढ्यात अव्वा माजघरातून बाहेर आली आणि तिथंच थांबली.

"हे काय लावलंय गौरा? विधवा बाईनं तोंडाला म्होरकी बांधून घ्यायची? कुणी बघितलं तर काय म्हनंल?"

तू ती काढली नाहीस. तशीच म्हणालीस, "अव्वा, कुटं रुततंय ते बघतीय. त्याला बोलता येत न्हाय. मला येतंय."

मी वाट बघत होते, आता काही तरी कडक ऐकायला मिळणार. पण अव्वा खाली बसली, तिनं तुझ्या कानामागची गाठ बोटानं चाचपली आणि म्हणाली, "गाठ वर घे. हितं हाड हाय." आणि उठून आत गेली.

गाठ कानाच्या अगदी मागे, उंच आणि बेताची घट्ट, मधे एक बोट जाईल एवढीच. नाकावरची पट्टी मात्र सैल, म्हणजे त्याला तोंड उघडता येईल, जीभ काढता येईल, पाणी पिता येईल, पण पट्टी डोळ्यापाशी जाणार नाही. कडी हनुवटीखाली. आणि कडीपासून एक आखूड दोरी गळ्यातल्या साध्या पट्ट्याला, म्हणजे चुकून म्होरकी निसटली तरी कुत्रं निसटू नये. झटका कधी द्यायचा नाही, मान मुरगळते. नुसतं तोंड वळवायचं आणि सैल सोडायचं. काल रात्री इथवर लिहिलं, आणि हे सगळं आज सकाळी मी मालूताईंना सांगितलं, वहिनी, आणि आवाज बसला नाही. त्यांच्या कुत्र्याचं माप सुतळीनं घेऊनसुद्धा आले.

पण त्यांना मी हेही सांगितलं की बांधली आणि निघालं असं होत नाही. तुझा तो धीर मला कधी जमला नसता. किती तरी दिवस तू म्होरकी बांधलीच नाहीस. नुसती हातात धरायचीस आणि नाकाच्या वेटोळ्यातून पलीकडे कडक भाकरीचा तुकडा. लाडू स्वतः नाक आत घालून तुकडा घ्यायचा. मग हळूच गाठ. पहिल्यांदा गाठ मारली तेव्हा त्यानं अंगणभर लोळण घेतली, पंजानं नाक ओरबाडलं, शेवटी जमिनीला तोंड लावून रुसून बसला. मी म्हणाले, नाही जमायचं हे. तू म्हणालीस, "त्याला एवढं तरी रुसू दे की." लगेच काढलीस आणि दुसऱ्या दिवशी परत तुकडा घेऊन बसलीस.

प्लास्टर निघालं, तरी मनगटात जोर नव्हता. त्याच हाताच्या बोटांत दोर धरून तू पहिल्यांदा बाहेर पडलीस. सुट्टीचा दिवस होता, मी बरोबर होते. लाडू ओढायला गेला, त्याचं तोंड तुझ्याकडे वळलं, तो गोंधळून थांबला. "बा, लाडू, बा," तू कानडीतून म्हणालीस, आणि तो आला. आपण दोघींनी एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही, भीतीनं, की बघितलं तर मोडेल.

वाईट वाटलं ते चौकात. एका बाईनं लाडूच्या नाकावरची पट्टी बघितली आणि झटकन पोर कडेवर उचललं. "चावतंय वाटतं. मुसकं बांधलंय," असं मोठ्यानं म्हणाली आणि रस्ता सोडून पलीकडे गेली. मागून आणखी दोघं-तिघं बाजूला झाले. घरी येऊन लाडूची म्होरकी सोडताना तू म्हणालीस, "सकाळी सकाळी मी समोर आले की लोक बाजूला होत्यातच. आता ह्याच्यामुळं पण व्हायला लागले. बिचाऱ्याला माझंच लागलं."

मी म्होरकी तुझ्या हातातून घेऊन खुंटीला अडकवली.

पण दुसऱ्या सकाळी तू पुन्हा निघालीस. ओच्यात भाकरीचे तुकडे घेतलेस. कुणी थबकलं की तूही थबकायचीस, लाडूला तुकडा द्यायचीस आणि शांतपणे म्हणायचीस, "मुसकं न्हाय, म्होरकी हाय. तोंड मोकळं हाय बघा त्याचं." रोज तेच. दुधवाल्याला, पेपरवाल्याला, कामावर निघालेल्या बायकांना. हळूहळू लोक थांबायला लागले, मग विचारायला लागले, मग तुझ्याशी बोलायला लागले. मागावर जाणाऱ्या बायका म्हणायच्या, "लाडूची आई, आज उशीर झाला?" तुला गौराबाई कुणी म्हणत नव्हतं, विधवा तर नाहीच. तुला ते नाव आवडलं होतं ना? कधी म्हणाली नाहीस, पण तेव्हापासून तू केसांना तेल लावून, नीट विंचरून बाहेर पडायला लागलीस.

गड्ड्याची जत्रा आली, आणि मल्लूकाका साखळी घेऊन आले. गल्लीत पाहुण्यांची वर्दळ. काकांनी चहा घेतला आणि म्हणाले, "आण बाहेर त्याला."

तू लाडूला म्होरकी घालून आणलंस आणि दोर काकांच्या हातात दिलास. "न्यायचा तर न्या, काका. पण एकदा गल्लीच्या टोकापतूर फिरवून बघा."

काका निघाले. सवयीनं त्यांनी दोराला एक हिसका दिला. लाडू कळवळला. तू चार पावलांत त्यांच्यापाशी पोचलीस. "वढायचं न्हाय काका. नुसतं वळवायचं, आन् सोडायचं." मला वाटलं, काका आता चिडणार. आजवर घरातल्या कुणा बाईनं त्यांना असं करा, तसं करू नका म्हणून सांगितलं नव्हतं. पण त्यांनी हात सैल केला. जत्रेच्या गर्दीतून, फुगेवाल्याच्या शेजारून, एका शेळीला घासून लाडू त्यांच्याबरोबर गेला आणि परत आला. काकांनी साखळी पिशवीत टाकली. अव्वाला म्हणाले, "राहू दे हितंच. पोरीचं मन लागलंय."

आतून अव्वा म्हणाली, "कुत्र्याचं पण लागलंय." वहिनी, तेव्हा तू आत पळालीस आणि बराच वेळ बाहेर आली नाहीस. रडत होतीस का?

त्यानंतरची वर्षं मला चांगली वर्षं वाटतात. तुला वाटली का? सकाळी तळ्याला वळसा, येताना अव्वासाठी पानं, माझ्यासाठी कधी पेरू. तुझं बोलणं वाढलं, हसणं परत आलं. तू नरसम्मांच्या मुलींबरोबर बसून चादरीच्या दशा बांधायला शिकलीस. दादाचं नाव घेताना पूर्वीसारखी थांबायची नाहीस. "तुझ्या दादानं हे गाठोडं माझ्या गळ्यात बांधलं," असं म्हणायचीस आणि गाठोड्याच्या कानामागे खाजवायचीस.

मग तुला पोटात दुखायला लागलं, आणि तू सांगितलं नाहीस. हीच एक तक्रार आहे माझी. सकाळची फेरी आखूड झाली, मला वाटलं ऊन आहे म्हणून. तू तळ्याच्या पायरीवर बसायला लागलीस, मला वाटलं कुणाशी बोलत असशील. डॉक्टरांनी गाठ आहे म्हणून सांगितलं तेव्हा ती फार वाढली होती. कशासाठी लपवलंस? फिरणं बंद करतील म्हणून? मी केलं असतं का बंद? कदाचित केलं असतं. तुला माझ्यापेक्षा मी जास्त माहीत होते.

शेवटी तू अंगणातल्या बाजेवर असायचीस आणि लाडू बाजेखाली. तुझा हात खाली लोंबत असायचा, तो त्याच्या पाठीवर. तू गेलीस तेव्हा तो ओरडला नाही, रडला नाही. बाजेखालून उठला आणि दारात जाऊन बसला, बाहेरच्या बाजूला तोंड करून.

मग मी त्याला न्यायला लागले. शाळेच्या आधी, धावतपळत. तो यायचा, पण मधेच उभा राहायचा. मी म्हणायची चल, थांब, इकडे, आणि तो माझ्याकडे अनोळख्यासारखं बघायचा. मराठीत त्याच्याशी तू कधी बोललीच नव्हतीस की.

गेल्या महिन्यात एक दिवस शाळा लवकर सुटली. घरी आले तर दाराला कडी. अव्वा घरात नाही, लाडूही नाही. अव्वा घरात नाही, असं माझ्या आठवणीत कधी झालं नव्हतं. मी नरसम्मांकडे विचारलं, गल्लीच्या टोकाला गेले, आणि तिथून मला ती दोघं येताना दिसली. डोक्यावरून पदर घेतलेली अव्वा, एका हातात काठी, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत दोर. शेजारी लाडू, तिच्या पावलाला पाऊल लावून, ती थांबली की थांबणारा.

मला बघून ती चोरासारखी हसली. पायरीवर बसून दम खाल्ला आणि म्हणाली, "बा म्हणलं की येतोय. निल्लू म्हणलं की थांबतोय. तुला बाई कानडी येत न्हाय नीट."

"तुला कुणी शिकवलं हे, अव्वा?"

"गौरानं. तू साळंत गेलीस की अंगणात शिकवायची मला. बाजेवर पडून सांगायची, गाठ वर घे, हात सैल सोड. मी म्हणलं, मला म्हातारीला कशाला? तर म्हणली, अव्वा, लाडूला कुणी तरी नेलंच पायजे की."

लाडूला कुणी तरी नेलंच पाहिजे. वहिनी, तू हे लाडूसाठी केलंस की अव्वासाठी? मी अव्वाला विचारलं नाही. तिला कळलेलं आहे असं मला वाटतं.

आता ती रोज जाते. पहिले काही दिवस गल्लीच्या टोकापर्यंत, मग चौकापर्यंत, आणि गेल्या आठवड्यात तळ्यापर्यंत. अप्पा गेल्यानंतर तिनं तळं पहिल्यांदा बघितलं. आल्यावर मला कितीतरी वेळ सांगत होती, पाणी किती आहे, पायऱ्यांवर कोण कोण बसतं, कुठली बाई हाक मारून काय म्हणाली. लाडू आता पूर्वीसारखा ओढत नाही, पोक्त झालाय. तरी म्होरकी घातल्याशिवाय अव्वा त्याला बाहेर काढत नाही.

परवा नात्यातली दोघं आली होती. या वयात कुत्रं घेऊन हिंडणं शोभतं का, पडलीस-झडलीस तर, असं अव्वाला सुनावत होती. अव्वा मुकाट ऐकत होती, पूर्वीसारखी मान खाली घालून. मला ते बघवलं नाही. मी म्हणाले, "पडली तर मी उचलीन. जायचं की नाही ते ती ठरवेल." घरात एवढ्या मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते.

आज रात्री जेवताना अव्वा म्हणाली, "तळ्याला एका वळशानं मन भरत न्हाय गं नंदा. उद्या दोन मारू का?"

मी तिला नाही म्हणणार नाही, वहिनी. उद्याही नाही आणि पुढे कधीही नाही. ती थकेल तेव्हा पायरीवर बसेल, आणि मी तिथं जाऊन तिच्या शेजारी बसेन, पण घरी चल म्हणून तिला मी उठवणार नाही. एवढं वचन तुला देते.

तुझीच,
नंदा